विजयेचे भाट आणि विजयेचे फौजदार

भांगेविषयी आपल्याकडे सध्या दोनच पक्ष बोलताना आढळतात, आणि दोघांचाही आवाज इतका चढलेला असतो की मध्येच कुणी पुरावा मागितला तर तो ऐकूही जाऊ नये. पहिला पक्ष भाटांचा. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे भांग ही वेदांनी गौरविलेली दिव्यौषधी; चरक-सुश्रुतांनी तिच्या बळावर रोगी बरे केले; साऱ्या जगाने तिचे गुण आपल्यापासून उचलले; आणि मग इंग्रजाने येऊन, आपल्या बाटल्या खपाव्यात म्हणून, तिच्यावर बंदी घातली. दुसरा पक्ष फौजदारांचा. ह्यांच्या लेखी भांग, गांजा आणि चरस ही एकाच विषाची तीन नावे असून तिला औषध म्हणणे म्हणजे व्यसनाला सोवळे नेसविणे होय. परप्रांतात राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींच्या सभासंमेलनांतून हे दोन्ही सूर ऐकावयास मिळतात. पहिला व्यासपीठावरून, दुसरा बहुधा चहाच्या वेळी.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्रज्ञ तर नव्हेच नव्हे. केंद्र सरकारच्या कलकत्त्यातील एका कचेरीत फायली चाळणारा तो एक पदवीधर कारकून आहे. परंतु कारकुनीने माणसाला दुसरे काही दिले नाही तरी एक खोड निश्चित लावलेली असते. कुणी काही ठासून सांगितले की ‘कागद कुठे आहे?’ असे विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. भांगेच्या प्रकरणातला कागद मी माझ्या परीने पाहिला. आणि माझे असे स्पष्ट मत झाले आहे की हे दोन्ही पक्ष ज्या इतिहासाची साक्ष काढतात तो दोघांपैकी कुणीही वाचलेला नाही.

भाटांपासून आरंभ करू. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात भंग हा शब्द येतो, हे खरे. आम्हांस संकटापासून सोडवा अशी विनवणी ज्या अनेकांस तेथे केली आहे त्यांत सोम हा ज्यांत श्रेष्ठ अशा पाच वनस्पतिराज्यांचा उल्लेख आहे, आणि दर्भ व यव ह्यांच्या पंक्तीला भंग बसलेला आहे. ह्यापलीकडे तेथे काही नाही. रोगाचे नाव नाही, मात्रा नाही, अनुपान नाही. तो भंग म्हणजे आजची भांगच की काय, ह्याविषयीही पंडितांत एकमत नाही. पाणिनीने तीळ, उडीद, जवस ह्यांच्या शेतांना कोणती नावे द्यावीत हे सांगताना भंगेच्या शेताचीही सोय लावली आहे. ह्यावरून हे पीक लोक शेतांतून घेत होते एवढे सिद्ध होते. आणि जवसाचा शेजार पाहता ते वाखासाठी घेत असावेत असा तर्क करण्यास जागा आहे. वैद्याने ते खलात घातल्याचे पाणिनी सांगत नाही.

चरकसंहितेत भांग औषध म्हणून नाही. सुश्रुताच्या नावावर जे दाखविले जाते ते निर्विवाद नाही. येथे एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ‘विजया’ हे भांगेचे संस्कृत नाव आज इतके रूढ झाले आहे की जुन्या ग्रंथात कोठे विजया दिसली रे दिसली की भाटमंडळी टाळी पिटतात. परंतु विजया हे हिरड्याचेही नाव आहे, आणि जुन्या संहितांत ती बहुधा हिरडाच असते. बिचाऱ्या ज्या रोग्यांचा कोठा हिरड्याने साफ झाला त्यांना आपण दीड-दोन हजार वर्षांनंतर भांगेच्या तारेत डोलावयास लावीत आहोत, ह्याची ह्या मंडळींना कल्पनाही नसते.

भांग औषध म्हणून नि:संशयपणे भेटते ती अकराव्या शतकाच्या सुमारास, वंगसेनाच्या चिकित्सासारसंग्रहात. आणि पुढे शार्ङ्गधरसंहितेत तर तिची चांगली ओळख पटते. ‘व्यवायी’ द्रव्य म्हणजे काय हे शार्ङ्गधर समजावून देतो: जे आधी सर्व शरीरभर पसरते आणि मग पचते ते व्यवायी, आणि उदाहरणे देतो भांग व अफू ही दोन. ह्या दोघींची जोडी मला फार बोलकी वाटते. अफू बाहेरून, पश्चिमेकडून आली ह्याबद्दल कुणाचा वाद नाही. आणि ती ज्या काळात आपल्या वैद्यकात शिरली साधारण त्याच काळात भांगही त्यात मानाने येऊन बसते. हकीम आणि वैद्य एकमेकांच्या पुड्यांत डोकावू लागले होते त्या काळातली ही देवघेव असावी असे मानणे मला तरी अपमानास्पद वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांनी चीनकडे पाहून समाधान मानावे. तेथेही ह्याच वनस्पतीचे श्रेय शेन-नुंग नावाच्या पौराणिक सम्राटाला देऊन पाच हजार वर्षांचा हिशेब सांगतात, आणि त्याच्या नावावरचा ग्रंथ मात्र इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या आसपास संकलित झालेला असतो. पूर्वज म्हातारा दाखविण्याची हौस सर्व राष्ट्रांस सारखीच.

पण भाटांवर माझा खरा आक्षेप कालगणनेचा नाही. वंगसेनाच्या आणि शार्ङ्गधराच्या परंपरेत जे खरोखर अभिमान वाटावा असे आहे ते त्यांच्या तोंडून कधी ऐकू येत नाही, हा माझा आक्षेप आहे. जातीफलादी चूर्णात भांग आहे. ग्रहणीवर, जुनाट अतिसारावर, अन्नावरची वासना उडालेल्या रोग्यास वैद्य ते देत आले. परंतु झाडावरचा पाला ओरबाडून कुणी चूर्णात घातला नाही. आधी शोधन. हिरवे पाणी येणे थांबेपर्यंत पाने पाण्यात चोळून धुवावयाची, वाळवावयाची, आणि गाईच्या तुपात मंद आचेवर परतावयाची. आजचे रसायनशास्त्र सांगते की ह्या वनस्पतीचे मुख्य कार्यकारी द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते, आणि उष्णता लागल्यावाचून ते पुरते जागे होत नाही. म्हणजे पाण्याने जे जायला हवे ते जात होते, आणि राहायला हवे ते राहून तुपात उतरत होते. वैद्याला रसायनाची सूत्रे ठाऊक नव्हती. त्याच्या हाताला मात्र ती ठाऊक होती. औषध म्हणजे वनस्पती नव्हे, औषध म्हणजे शोधन आणि मात्रा, हे ज्यांनी ओळखले त्यांचे आपण वंशज, असे एकाही व्यासपीठावरून कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तेथे गौरव पानाचा होतो, हाताचा होत नाही.

गोव्यातील गार्सिया द ऑर्टा ह्या पोर्तुगीज वैद्याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. त्याचा संवादरूप औषधिग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, आणि त्यात ‘बँग’ वर एक स्वतंत्र संवाद आहे. गुजरातच्या बहादूरशहाने म्हणे एका पोर्तुगीज सरदारास सांगितले होते, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान अशी सफर करावीशी वाटली की मी थोडी भांग खातो. ऑर्टा स्वत: घेत नव्हता; परंतु त्याच्या चाकरांनी त्यास सांगितले, की हिच्यामुळे श्रम जाणवत नाहीत आणि भूक लागते. ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे ठेवणारा हा माणूस होता. त्याच्या पश्चात, १५८० साली, धर्मसमीक्षण सभेने त्याची हाडे उकरून जाळली, कारण तो मुळचा ज्यू. असो.

आता ज्या गृहस्थाशिवाय हा इतिहास पुरा होत नाही त्याच्याकडे वळू. कलकत्त्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाने कॉलेज स्ट्रीटवरून जाताना मेडिकल कॉलेजचे ते खांब पाहिलेले असतातच. १८३५ साली स्थापन झालेल्या ह्या कॉलेजात विल्यम ब्रुक ओशॉनेसी नावाचा एक आयरिश डॉक्टर रसायनशास्त्र शिकवीत असे. वय तिशीचे. हिंदुस्थानात येण्यापूर्वीच त्याने पटकीच्या रोग्यांच्या रक्ताची परीक्षा करून त्यातले पाणी व क्षार कमी झालेले असतात हे दाखविले होते, आणि शिरेतून क्षारजल देण्याच्या उपचाराचा पाया घातला होता. (हाच पुढे हिंदुस्थानच्या तारखात्याचा पहिला प्रमुख झाला. २०१३ साली जी तारसेवा बंद झाली तिचा मूळ पुरुष आणि गांज्याच्या अर्काचा पुरस्कर्ता हे एकच, हे आमच्या खात्याखात्यांतल्या किती जणांस ठाऊक असेल?) १८३९ साली त्याने गांज्यावरील आपला निबंध विद्वानांपुढे ठेवला.

ह्या निबंधाची रीत पाहा. प्रथम त्याने विचारले. कोणास? मधुसूदन गुप्तांस, म्हणजे ज्या वैद्यपंडिताने १८३६ साली शवविच्छेदन करून सनातनी समाजाला हादरा दिला त्यांस; एशियाटिक सोसायटीचे पंडित कमलाकांत विद्यालंकार ह्यांस; हुगळीच्या इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली ह्यांस; आणि तेहरानच्या एका हकिमास. ही नावे त्याने छापून ठेवली आहेत. चरकाचे खोटे दाखले देणाऱ्या आमच्या भाटांना मधुसूदन गुप्तांचा खरा दाखला मात्र ठाऊक नसतो. मग त्याने जनावरांवर प्रयोग केले. मांसाहारी प्राण्यांवर, म्हणजे कुत्री, मांजरे, गिधाडे, कावळे ह्यांच्यावर, अंमल लौकर चढतो आणि घोडा, गाय, शेळी ह्या शाकाहारी जनावरांवर फारसा परिणाम होत नाही, असे त्याला आढळले. मग त्याच्या विद्यार्थ्यांनी आपखुशीने अर्काचे थेंब घेतले. त्यांतला एक अबोल, सालस मुलगा एकाएकी राजाच्या तोऱ्यात हुकूम सोडू लागला आणि शास्त्र, धर्म, राजकारण ह्यांवर अस्खलित वक्तृत्व करू लागला. सभासंमेलनांतील काही वक्तृत्वांचा उगम येथे तर नसेल ना, अशी शंका मनात येऊन जाते.

सर्वांच्या शेवटी रोगी. संधिवात, पटकी, धनुर्वात, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने होणारा जलसंत्रास. एका संधिवाताच्या रोग्यास एक ग्रेन राळ दिली तर काही तासांनी तो असा निश्चेष्ट पडला की त्याचा हात उचलून जेथे ठेवावा तेथेच राहावा. ती अवस्था ओसरली. परंतु ओशॉनेसीने ती लपविली नाही. जलसंत्रासाचा रोगी वाचला नाही. त्याचे क्लेश कमी झाले, संत्र्याचा रस त्यास घेता आला, पण तो मेला. आणि तो मेला असेच निबंधात लिहिले आहे. धनुर्वाताच्या कित्येक रोग्यांस उतार पडला, तेही लिहिले आहे. पुढे एका ४० दिवसांच्या आचके येणाऱ्या मुलीची हकिकतही त्याने प्रसिद्ध केली; थेंब किती दिले, कधी वाढविले, केव्हा तिला झोप लागली, सगळे. मेलेल्याची नोंद जिवंताच्या नोंदीइतक्याच काळ्या शाईने करावयाची, ह्याला मी ह्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना समजतो.

१८४० नंतर तो रजेवर विलायतेस गेला तेव्हा गांजा बरोबर नेला, लंडनच्या पीटर स्क्वायर नामक औषधकाराने त्याचा अर्क केला, आणि पन्नास वर्षे तो युरोप-अमेरिकेच्या औषधालयांतून विकला गेला. ब्रिटिश औषधिकोशात तो १८६४ साली होता. रसेल रेनल्ड्स ह्या दरबारी डॉक्टराने १८९० साली ‘लॅन्सेट’ मध्ये त्याची तरफदारी केली. त्यावरून खुद्द व्हिक्टोरिया राणी गांजाचा अर्क घेत असे अशी एक आख्यायिका निघाली आहे आणि भाटांची ती फार लाडकी आहे. तिला कागदाचा आधार नाही.

मग हे औषध गेले कसे? येथे भाट आणि फौजदार दोघेही ‘बंदीने’ असे एका सुरात सांगतात, एक रडून आणि एक मिशीवर ताव देऊन. वस्तुस्थिती निराळी आहे. एका पेठेतला अर्क माणसास झोपवी तर दुसरीतला काहीच न करी. समुद्रप्रवासात आणि वखारीत माल शिळा होई. त्यातले कार्यकारी द्रव्य कोणते हेच कुणास कळेना. केंब्रिजच्या रसायनज्ञांनी हिंदी चरसापासून १८९०-नंतरच्या दशकात एक तेल वेगळे काढले, पण ते मुख्य द्रव्य नव्हते. इकडे पिचकारीची सुई आली, आणि मॉर्फिन पाण्यात विरघळते म्हणून तिच्यातून देता येते. गांजा देता येईना. १८९९ साली ॲस्पिरिन बाजारात आले, पाठोपाठ झोपेची नवी औषधे आली. ब्रिटिश औषधिकोशातून गांजा गेला १९३२ साली, अमेरिकेच्या कोशातून १९४२ साली. अमेरिकेत १९३७ च्या करकायद्याने त्याच्या वाटेत काटे पेरले हे खरे, आणि तेव्हा तेथील वैद्यक संघटनेच्या प्रतिनिधीने त्या विधेयकास विरोध केला होता हेही खरे. पण डॉक्टरांचा हात त्यापूर्वीच आखडला होता. ज्या औषधाची मात्रा निश्चित करता येत नाही ते औषध म्हणून मरते, मग कायदा असो वा नसो.

आता फौजदारांकडे वळतो, कारण त्यांच्याही कपाटात एक कागद धूळ खात पडला आहे. २ मार्च १८९३ रोजी केन नावाच्या मद्यपाननिषेधवादी सभासदाने पार्लमेंटात प्रश्न विचारला आणि त्यातून इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन जन्मास आले. अध्यक्ष मॅक्वर्थ यंग. एकूण सभासद सात, त्यांत हिंदी तीन. वैद्यकीय बाजूने होते सर्जन-मेजर वॉर्डन, म्हणजे ओशॉनेसीच्याच कॉलेजातले रसायनाचे प्राध्यापक. ११९३ साक्षीदार तपासले गेले, त्यांत वैद्य, हकीम, मामलेदार, बैरागी, मिशनरी सगळे आले. सात खंड झाले. मुंबई गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल ह्यांनी भांगेच्या धार्मिक बाजूवर दिलेले टिपण त्यातच आहे आणि ते आजही वाचनीय आहे.

मला ह्या खंडांतले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण वाटते ते वेड्यांच्या इस्पितळांचे. गांज्याने वेड लागते ह्याला त्या काळी पुरावा काय होता? वेड्यांच्या इस्पितळांची वार्षिक कोष्टके. त्यांत ‘वेडाचे कारण’ असा रकाना असे. कमिशनने १८९२ सालची प्रकरणे एकेक करून उलगडली. त्या वर्षी १३४४ रोगी दाखल झाले, पैकी २२२ जणांपुढे कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेली होती. चौकशीअंती त्यांतली ९८ तेवढी टिकली. त्यांतही काहींत दारू, अफू, आनुवंश अशी दुसरी कारणे मिसळलेली होती. उरलेल्यांचे काय? पोलिसाने रोगी आणताना अर्जावर काहीतरी लिहिले, ते मॅजिस्ट्रेटच्या कागदात उतरले, तेथून इस्पितळाच्या वहीत, वहीतून कोष्टकात, आणि कोष्टकातून ते सरकारच्या वार्षिक अहवालात सत्य म्हणून जाऊन बसले. माणूस वेडा आहे, आणि त्याला कुणी चिलीम ओढताना पाहिले आहे; मग कारण उघडच आहे!

हे वाचून कुणाला नवल वाटले असेल तर तो कधी कचेरीत बसलेला नाही असे मी समजेन. रकाना रिकामा ठेवून कोष्टक वर पाठवून पाहावे. चार दिवसांत ते शेऱ्यासह परत येते. ‘कारण अज्ञात’ हे जगातले सर्वांत प्रामाणिक उत्तर आणि कचेरीतला सर्वांत मोठा गुन्हा. १८९२ च्या त्या अनाम कारकुनांना मी दोष देत नाही. दोष देतो तो त्या रकान्याला शास्त्र समजणाऱ्यांना, आणि ते अद्याप संपलेले नाहीत.

कमिशनचा निष्कर्ष असा पडला, की माफक सेवनाने म्हणण्यासारखे वाईट परिणाम होत नाहीत, अतिसेवनाने होतात, आणि पिकावर सरसकट बंदी घालणे आवश्यकही नाही व इष्टही नाही. कर आणि परवाने ह्यांनी काम भागवावे. सरकारच्या उदारपणाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गांज्याच्या करावर तिजोरी पोसली जात होती. परंतु ‘इंग्रजांनी बंदी घातली’ म्हणणाऱ्या भाटांनी एक गोष्ट डोळे उघडून पाहावी. ह्या निष्कर्षाला भिन्नमतपत्रिका कुणी जोडल्या? ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर राय आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद ह्यांनी. दोघेही हिंदी. अधिक कडक बंधने हवीत असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते मूर्खपणाचे होते असे मी म्हणणार नाही. आपल्या आजूबाजूच्या तरुणांची दशा त्यांनी पाहिलेली होती. गांजा आणि चरस ह्यांवर देशभर फौजदारी कायद्याचा घाला पडला तो १९८५ साली, स्वतंत्र भारताच्या संसदेत संमत झालेल्या कायद्याने. त्याच्या पाठीशी १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार होता, आणि त्या कराराने गांज्याचा औषधाखेरीज होणारा उपयोग पंचवीस वर्षांत बंद करण्याची मुदत घातली होती, हे मान्य. पण सही आपली आहे.

ह्या १९८५ च्या कायद्याचे वाचन फौजदारांनीही केलेले दिसत नाही. त्याच्या व्याख्येत राळ येते, शेंड्यावरचा फुलोरा येतो; बी आणि पाने, ती फुलोऱ्यासोबत नसली तर, येत नाहीत. म्हणजे एकाच झाडाचा शेंडा तुरुंगात आणि पान देवळात. काशीत परवान्याच्या दुकानी मिळणारी भांग महाराष्ट्रात न्यावी तर १९४९ चा दारूबंदीचा कायदा आडवा येतो, ही आणखी एक गंमत. पण मुख्य मुद्दा हा, की त्याच कायद्याने वैद्यकीय आणि शास्त्रीय उपयोगाला पहिल्या दिवसापासून वाट ठेवलेली आहे, आणि लागवडीला परवाने देण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहे. डिसेंबर २०२० मध्ये व्हिएन्ना येथे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांज्याला सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले, तेव्हा भारताचे मत वगळण्याच्या बाजूने पडले. ‘ह्यात औषध मुळीच नाही’ असे म्हणणारा फौजदार आपल्याच सरकारच्या मताविरुद्ध बोलत असतो.

आणि औषध आहे म्हणजे किती आहे? ह्याचे उत्तर मिळाले ते १९६४ नंतर. त्या वर्षी इस्रायलमधील रेहोवोत येथे राफाएल मेशूलाम आणि येहिएल गाओनी ह्यांनी मुख्य मादक द्रव्य वेगळे करून त्याची रचना सांगितली. प्रयोगासाठी चरस मेशूलामने पोलिसांकडून मिळविला आणि पिशवीत घालून बसमधून आणला; उतारू म्हणे वास कसला म्हणून एकमेकांकडे पाहत होते. १९८८ साली मेंदूत ह्या द्रव्याला दाद देणारी जागा सापडली, आणि १९९२ साली मेंदू स्वत:च तयार करीत असलेले एक तत्सम द्रव्य सापडले. त्याला नाव दिले ‘आनंदामाइड’, आपल्या ‘आनंद’ शब्दावरून. भाटांना ह्या नावाचा कोण अभिमान! नाव आपले, झाड आपले, ग्रहणीवरचे चूर्ण आपले; शोध मात्र इस्रायलमधला. कलकत्त्याच्या ट्रॉपिकल स्कूलमध्ये रामनाथ चोप्रांनी ह्या विषयावर अनेक वर्षे नेटाने काम केले होते. त्यांच्या मागून त्या वाटेने किती जण गेले ह्याचा हिशेब कुणी अभिमानाने सांगत नाही.

आज विश्वसनीय प्रयोगांवर उभे असलेले उपयोग थोडे आहेत. कर्करोगावरील औषधांनी होणारी मळमळ. एका मज्जारोगातील स्नायूंचा ताठा. आणि लहान मुलांच्या अपस्माराचे दोन-तीन दुर्मिळ, दुर्धर प्रकार. ह्या शेवटच्यासाठी झालेल्या प्रयोगाचे आकडे २०१७ साली प्रसिद्ध झाले. १२० मुले व तरुण. ज्यांस कॅनाबिडिऑल, म्हणजे ह्याच वनस्पतीतले नशा न आणणारे द्रव्य, दिले त्यांचे महिन्याचे आचके मध्यमानाने १२.४ वरून ५.९ वर आले. ज्यांस नुसते दिखाऊ औषध दिले त्यांचे १४.९ वरून १४.१ वर. सुस्ती, अतिसार, यकृताच्या तक्रारी हे दुष्परिणामही त्याच पानावर नोंदले आहेत. वेदना कमी होण्याविषयीचा पुरावा माफक आहे. कर्करोग बरा होतो ह्याला पुरावा नाही. आणि कोवळ्या वयात, जहाल मालाचे, नित्य सेवन करणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो ह्याविषयी आता बराच पुरावा साठलेला आहे. निहालचंदांची काळजी अगदीच निराधार नव्हती.

एवढे सगळे मी का लिहीत बसलो, असे कुणी विचारील. माझ्या एका सहकाऱ्याच्या थोरल्या बहिणीस गेल्या वर्षी कर्करोग निघाला. सभेतले असेच एखादे भाषण आणि भ्रमणध्वनीवर फिरणारे दहा-बारा लेख ह्यांच्या जोरावर घरच्यांनी विजयेच्या अर्काची एक बाटली आणली. महाग होती, सहकाऱ्याच्या पगाराचा चांगलाच लचका तोडणारी. इस्पितळातील औषधाची दोन आवर्तने ताईंनी चुकविली, कारण ‘आपले’ औषध लागू पडत आहे असे सर्वांना वाटू लागले होते. ती बाटली मी हातात घेऊन पाहिली. पानांचा अर्क किती हे होते. दिवसातून किती थेंब हेही होते. त्या थेंबात नशा आणणारे द्रव्य किती आणि न आणणारे किती, ह्याचा एक आकडा नव्हता. वर उल्लेखिलेल्या प्रयोगात मुलांना रोज वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम औषध दिले होते, म्हणजे वीस किलोच्या मुलास ४०० मिलिग्रॅम. ताईंच्या पोटात रोज काय जात होते? विकणाऱ्याने ते सांगितले नव्हते, आणि घरात कुणी विचारलेही नव्हते. ज्या गोष्टीने स्क्वायरचा अर्क मारला तीच गोष्ट दीडशे वर्षांनी नव्या बाटलीत भरून, वर धन्वंतरीचे चित्र लावून, विकली जात आहे.

औषधांच्या नियमांतील विषारी द्रव्यांच्या यादीत भांगेचे नाव आहे, आणि अशा औषधावर वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे असा इशारा छापावा लागतो. तो त्या बाटलीवरही होता. मुंगीच्या पायांनी लिहिल्यासारखा. माझे म्हणणे एवढेच की इशाऱ्याच्या शेजारी आकडा हवा. प्रत्येक घाण्यामागे प्रयोगशाळेत मोजलेला, बाटलीवर छापलेला आकडा. जातीफलादी चूर्ण ग्रहणीवर खरोखर किती गुण देते ह्याची, शोधन केलेल्या आणि न केलेल्या भांगेची तुलना करून, सरकारी इस्पितळांतून रीतसर परीक्षा हवी. आणि गुण आला नाही तर तसेही छापून यावयास हवे, ओशॉनेसीने छापले तसे. ह्याला वेदही लागत नाहीत आणि फौजदारही. फाईल वर सरकावी लागते, आणि ती अडते कुठे हे आम्हां कारकुनांस चांगले ठाऊक असते: ‘कोणत्या खात्याचा विषय?’ ह्या प्रश्नावर. आयुर्वेद म्हणावे तर एका मंत्रालयाकडे, औषधनियंत्रण म्हणावे तर दुसऱ्याकडे, अंमली पदार्थ म्हणावे तर महसुलाच्या तिसऱ्याकडे, आणि लागवड व अबकारी तर राज्यांकडे.

कमिशनचे ते सातही खंड स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर सर्वांस फुकट खुले करून ठेवले आहेत. वेड्यांच्या इस्पितळांवरचे प्रकरण तेवढे जरी कुणी मराठीत आणले तरी ह्या मासिकाच्या दोन अंकांची उत्तम सोय होईल. भाषांतराची तयारी असलेल्या वाचकांनी संपादकांस कळवावे. पुढल्या वक्त्याने व्यासपीठावर चरकाचे नाव घेतले, तर स्थान, अध्याय आणि श्लोकाचा क्रमांक तेथेच विचारावा, आणि त्या श्लोकात विजया निघाली तर ती हिरडा नाही कशावरून, हेही.